टोकियोच्या मावशींचे गुरुजी

कार्टून डोळे मिटून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ आमचा सायबर कॅफे होता. त्यातल्या कोपऱ्यातल्या सहा नंबरच्या मशीनवर ते बसत. रामकुंडावरची सकाळची कामं आटोपून अकराच्या सुमारास यायचे. धोतराचा काठ ओला, कपाळावरचं गंध वाळत आलेलं, खांद्यावर उपरणं. एका हाताने शेंडी बाजूला धरून हेडफोन चढवायचे, खुर्चीतच मांडी घालायचे आणि पडद्यावर चित्रं हलू लागली की डोळे मिटून घ्यायचे. नवं गिऱ्हाईक हमखास माझ्याकडे येऊन तक्रार करी, "मॅडम, ते महाराज झोपलेत, मशीन मोकळं करा ना." ओल्या धोतराने खुर्चीचं रेक्झिन खराब होतं म्हणून मी तिच्यावर एक लाकडी पाट ठेवून दिला होता. पुढे पुढे कॉलेजची मुलं त्या पाटावर बसायला बिचकायची.

गुरुजी म्हणजे आमच्या यांचे शाळेतले मित्र, म्हणून मी त्यांची वहिनी. घराणं रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांचं. बाहेरगावचे यजमान क्रियाकर्मासाठी आले की त्यांच्या घराण्याची वही काढायची, आजा-पणजाची नावं वाचून दाखवायची आणि नवीन नावं लिहून घ्यायची, हे काम त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या होतं. वह्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या ताब्यात. त्या पुढे गुरुजींकडे यायच्या की त्यांचा चुलतभाऊ दिनकर याच्याकडे, हे अण्णांनी ठरवायचं होतं. गुरुजी चाळिशीला आलेले, लग्न झालेलं नव्हतं. भिक्षुकाला मुलगी द्यायला कोणी तयार नसतं, हे ते हसत सांगायचे. वह्या मात्र त्यांना मनापासून हव्या होत्या. जुनी पानं उलटताना त्यांची बोटं कशी चालत, ते मी पाहिलं आहे. झोपलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करावं तशी.

हे कार्टूनचं वेड त्यांना लावलं मालेगावच्या एका यजमानाने. त्याचं सीड्यांचं दुकान होतं. आजोबांचं नाव वहीत सापडल्याच्या आनंदात तो एक सीडी देऊन गेला. "पोरेसले दखाडा गुरुजी, मस्त शे," म्हणाला. दिनकरच्या मुलांना देण्यापूर्वी सीडी चालते का बघायला गुरुजी आमच्याकडे आले. सीडी चालली, पण हिंदी नाही, इंग्रजी नाही, अख्खी जपानी. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा गर्दीत आईचा हात सुटून हरवतो, असा काहीतरी प्रसंग होता. गुरुजी बंद करायला गेले आणि हात तसाच राहिला. तो मुलगा आईला हाका मारत होता. गुरुजींनी ते चार वेळा मागे नेऊन ऐकलं. मग मला म्हणाले, "वहिनी, ह्या मुलाचं नाव शोधता येईल? कुणाच्या हाताखाली शिकलाय ते बघू."

त्या मुलाचा आवाज कोणाचा, ते मी शोधलं. पडद्यावर आल्या पन्नाशीच्या एक बाई. चष्मा, राखाडी स्वेटर, बँकेत पासबुक भरून देणाऱ्या असाव्यात अशा. गुरुजी फोटोकडे बघतच राहिले. "ह्या?" म्हणाले. "ह्या तर कुणाच्या तरी मावशी दिसतात." तेव्हापासून त्या टोकियोच्या मावशी झाल्या. त्यांचं खरं नाव आम्हा दोघांनाही धड उच्चारता येत नव्हतं, आणि मावशी म्हटल्यावर त्याची गरजही उरली नाही.

डोळे का मिटता, असं मी एकदा विचारलं. "चित्र मधे येतं," असं उत्तर मिळालं. गुरुजींचा सगळा व्यवसाय गळ्यावर चाललेला. कुठे श्वास घ्यायचा आणि कुठे घ्यायचा नाही, यासाठी लहानपणी अण्णांच्या हातचा मार खाल्लेला. त्यामुळे त्यांचं लक्ष जायचं ते शब्दांकडे नाहीच, दोन शब्दांच्या मधल्या जागेकडे. "बघा वहिनी, पोर धावून आलंय आणि बोलतंय. मोठं माणूस दम टिकवून बोलतं, पोर दम संपवून बोलतं. बाईंनी दम संपवलाय." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "चित्र कोणीही काढील. श्वास ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो." हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की ते सुरुवात करायचे आणि शेवट मी करायचे.

मग आम्हाला तो फोरम सापडला. फोरम म्हणजे इंटरनेटवरची चावडीच. जगभरातली मंडळी तिथे जमून जपानी कार्टूनमागच्या आवाजांवर बोलायची. तोवर मला वाटायचं, कार्टून बघणारी पोरं कार्टूनवर प्रेम करत असतील. इथे बघावं तर पोलंडचा मुलगा आणि मनिलाची मुलगी, कोणत्या बाईंचा आवाज थोर यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटायला निघालेले. आवाज देणाऱ्यांचे वाढदिवस पाळायचे, त्यांनी केलेल्या पात्रांच्या याद्या करायच्या, त्यांनी म्हटलेली गाणी तोंडपाठ करायची. प्रत्येकाच्या माहितीत रक्तगटसुद्धा लिहिलेला. गुरुजींना त्याचा फार आनंद झाला. "म्हणजे यांच्यातही पत्रिका बघतात की," म्हणाले. "फक्त गोत्र राहिलंय."

गुरुजी मराठीत सांगायचे, मी माझ्या बारावीच्या इंग्रजीत टाइप करायचे. सुरुवातीला त्यांना कोणी विचारलं नाही. एकदा एका मालिकेत चारच वाक्यं बोलणारी म्हातारी आली, तिचा आवाज कोणाचा यावर आठवडाभर वाद चालला होता. गुरुजींनी एकदा ऐकलं आणि सांगितलं, "मावशी. मुद्दाम घसा बसवलाय, पण वाक्य संपल्यावर नाकातून किंचित श्वास सोडतात, तो लपवता आलेला नाही." पुढच्या महिन्यात जपानी मासिकात तेच छापून आलं. त्यानंतर वाद झाला की लोक म्हणू लागले, थांबा, नाशिकच्या गुरुजींना विचारू. त्या मंडळींना वाटे, 'गुरुजी' हे नाशिकच्या माणसाचं नावच आहे. गुरुजींनी एक जाड वही आणली आणि वंशावळीच्या धाटणीत त्यात सगळं मांडलं. मूळ पुरुषाच्या जागी मावशी, आणि खाली त्यांनी आवाज दिलेली मुलं, मुली, दोन कोल्हे आणि एक बोलका डबा. त्या वहीची पानं मी स्कॅन करून टाकली, तेव्हा ब्राझीलच्या एका मुलीने लिहिलं की तिला रडू आलं. तिचं फोरमवरचं टोपणनाव पोर्तुगीजमध्ये चिमणी अशा अर्थाचं होतं. गुरुजी तिला चिमणाबाई म्हणत आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत, मग ती कितीही बालिश का विचारेना.

अण्णांना यातलं जेवढं कळत होतं तेवढं आवडत नव्हतं. एकदा ते काठी टेकत स्वतः कॅफेच्या दारात आले, सहा नंबरवरचा डोळे मिटलेला मुलगा पाहिला आणि मला म्हणाले, "सूनबाई, देवाने कान दिले ते श्रुतीसाठी. हा कोल्ह्याकुत्र्यांचं ऐकतो." गुरुजींनी हेडफोन काढून शांतपणे सांगितलं, "अण्णा, ती बाई तुमच्यासारखी म्हणते. एक श्वास वाया घालवत नाही." अण्णा काठी टेकत परत गेले. मला वाटतं, मनातून सुखावले असावेत, पण तसं दाखवणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

एका पावसाळ्यात मावशींच्या मालिकेचा नवा भाग आला. दोन मिनिटांत गुरुजींनी डोळे उघडले. "ही मावशी नाही. कोणीतरी मावशींसारखं करतेय." फोरमवरही कुजबुज सुरू झालीच होती. चौथ्या दिवशी चिमणाबाईने लिहिलं की मावशी गेल्या. तिच्या कोणा मैत्रिणीच्या मैत्रिणीला जपानी वाचता येत होतं, तिने तिकडच्या एका पानावर वाचलं होतं. फोरमवर मेणबत्त्यांची चित्रं लागली. ज्यांना कधी मावशींचा शब्दही समजला नव्हता अशी माणसं लिहीत होती, माझं बालपण संपलं. मग चिमणाबाईने गुरुजींना विचारलं, तुम्ही पवित्र नदीच्या काठी राहता, गेलेल्या माणसासाठी तुम्ही जे करता ते आमच्या वतीने कराल का?

गुरुजी दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते ठरवूनच. "वडिलांचं नाव माहीत नाही, चालेल. गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणतात. आणि नातं विचाराल तर शास्त्रात गुरूसाठी करता येतं. मी त्यांच्याकडून शिकलोय." अण्णांना विचारलं का, असं मी म्हटलं. ते बोटांवर दिवस मोजू लागले. दहाव्या दिवशी सकाळी रामकुंडावर, नेहमीच्या जागेपासून जरा लांब बसून त्यांनी मावशींचा पिंड दिला. मी फोरमवरच्या लोकांची यादी घेऊन शेजारी. एकेक नाव मी वाचायचं आणि त्या नावाने गुरुजींनी तिलांजली सोडायची. बऱ्याच जणांची खरी नावं आम्हाला ठाऊक नव्हती. त्यामुळे ड्रॅगन सत्तावीस, चंद्रमांजर, उदास रोबो अशा मंडळींच्या वतीने गोदावरीत पाणी पडलं. शेजारच्या घाटावरचे निफाडकडचे एक आजोबा मला म्हणाले, "पाव्हणे लय लांबचे दिसत्यात." मी हो म्हटलं. पिंडाला कावळा क्षणात शिवला. मी फोटो काढून पाठवले आणि ब्राझीलपासून मनिलापर्यंत लोक ते पाहून रडले. गुरुजींनी आपल्या जाड वहीत मावशींच्या नावापुढे 'कैलासवासी' लिहिलं.

तीन आठवड्यांनी मावशींच्या कार्यालयाचं निवेदन आलं. घशाची शस्त्रक्रिया झाली आहे, विश्रांती चालू आहे, पुढच्या वर्षी परत येतील. गेले होते ते त्याच आडनावाचे दुसरेच कोणी वृद्ध नट.

फोरमवर दिवाळी झाली. लोक हसत होते, गुरुजींनी बाईंना परत आणलं म्हणत होते. मीही खुशीत सांगितलं, "अहो, खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. जिवंत माणसाच्या अंगाला कावळा शिवला तर अपशकुन टळावा म्हणून मामाला भाचा गेल्याचं मुद्दाम खोटं कळवत नव्हते का आपल्याकडे?" गुरुजींचा चेहरा पांढरा पडला होता. "ते कळवणारा भिक्षुक नसतो, वहिनी," म्हणाले. "घरचं माणूस समोर बसून सांगत नाही तोवर आमच्या वहीत कोणाला गेलेलं लिहीत नाहीत. माझ्या आज्याने लिहिलं नाही, अण्णांनी लिहिलं नाही. मी ऐकीव बातमीवर जिवंत बाईचा पिंड दिला." कावळा तर लगेच शिवला होता, मी चाचरत म्हटलं. "कावळ्याला भूक लागली होती," ते म्हणाले.

रामकुंडावर कोणाला काही माहीत नव्हतं. पिंड कोणाचा होता हे जाणणारे नाशकात आम्ही दोघंच. वह्यांचा निर्णय अण्णा पुढच्याच महिन्यात देणार होते, आणि तो गुरुजींच्या बाजूने झुकलेला होता हे दिनकरलासुद्धा ठाऊक होतं. मी त्यांना हात जोडून सांगितलं की गप्प बसा, महिन्याचाच प्रश्न आहे. त्याच संध्याकाळी ते अण्णांना सगळं सांगून मोकळे झाले. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही. "ज्याच्या नावावर चूक केलीस त्याला आधी कळव," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "वह्या दिनकरकडे जातील."

इकडे फोरमवर आनंदाचा भर ओसरल्यावर लोक चिमणाबाईवर तुटून पडले होते. तिने निघून जायचं ठरवलं होतं. गुरुजींनी मला टाइप करायला सांगितलं, "बातमी हजार जण देतात. खरी आहे का ते बघायचं काम माझं होतं, कारण विधी मी केला. या मुलीला बोलणाऱ्याने आधी मला बोलावं." कोणी बोललं नाही. चिमणाबाई राहिली. मग त्यांनी मावशींना कार्यालयाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. मी नाशिकचा एक भिक्षुक आहे, चुकून आपलं उत्तरकार्य केलं, दोष सर्वस्वी माझा, ज्यांच्या वतीने केलं त्यांची यादी सोबत जोडली आहे. माझ्या मते जिवंत माणसाला असलं पत्र पाठवणं म्हणजे वेडाचा कळस होता आणि तसं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी पाकिटावर स्वतः तिकिटं चिकटवली.

पुढच्या वर्षी मावशी परतल्या. पहिला भाग आला तेव्हा फोरमवर कालवा झाला. आवाज जाड झालाय, पूर्वीची मजा गेली, आता निवृत्त व्हावं, वगैरे वगैरे. गुरुजींनी तो भाग तीनदा ऐकला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग मला म्हणाले, लिहा. "आवाज बदलला आहे. श्वास तोच आहे." त्यानंतर त्या विषयावर फोरमवर कोणी वाद घातला नाही.

आणि त्यानंतर, आम्ही उत्तराची आशा सोडल्यावर, मावशींचं कार्ड आलं. फोरमवरच्या ओसाकाच्या एका सभासदाने ते आम्हाला इंग्रजीत उलगडून दिलं. मावशींनी लिहिलं होतं, "माझ्या कामात आवाज सगळीकडे जातो आणि मी रस्त्यात कोणालाच ओळखू येत नाही. इस्पितळात मनात आलं होतं की मी गेले तर कोणाला कळेल. तुमची यादी मी दोनदा वाचली. उदास रोबो यांना सांगा, मी बरी आहे."

मला राहवलं नाही. गुरुजींना न विचारता मी ते कार्ड अण्णांकडे घेऊन गेले आणि मजकूर वाचून दाखवला. अण्णांनी तो पुन्हा वाचायला लावला. "बाईने क्षमा केली, चांगलं झालं," म्हणाले. "पण आमच्या वहीतली माणसं क्षमा करायला परत येत नाहीत, सूनबाई. म्हणून तिथे चालत नाही." मी परत आले. मला राग आला होता आणि अण्णांचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं.

वह्या गेल्यावर गुरुजींनी स्कूटर घेतली आणि दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांच्या वास्तुशांती, सत्यनारायण करू लागले. दिनकरशी कधी वाकडं बोलले नाहीत. जुनं पान लागेना तर दिनकर त्यांच्याकडेच यायचा, आणि गुरुजी न बघता सांगायचे, तिसरी वही, मधोमध. आमच्याकडे येणं अकराऐवजी चारला झालं, एवढाच फरक. घरोघरी इंटरनेट आल्यावर कॅफेची मशीनं एकेक करून विकली, तरी सहा नंबरचं मी ठेवलं. इतक्या सरळ माणसाच्या शेजारी बसून टाइप करायला मिळालं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. मला कोणी बातमी सांगितली की मी आता आधी विचारते, तुम्हाला कोणी सांगितलं. माझी मुलं या सवयीला वैतागतात.

एका दुपारी दिंडोरीहून फोन आला. "गुरुजी गेले हो ताई. पूजा करता करताच कलंडले. डायरीत तुमचाच नंबर व्हता." माझा विश्वास बसला नाही. यांना घेऊन मी तशीच निघाले. त्या शेतकऱ्याच्या नव्या घरात, ओसरीवर सतरंजी टाकून त्यांना निजवलं होतं. घरमालक म्हणत होता, "लय गुणी माणूस. आवाज तर असा, बाहेर ट्रॅक्टर बंद करून मजूर ऐकत व्हते." मी त्यांचा हात हातात घेतला. डोळे नेहमीसारखेच मिटलेले होते.

तिसऱ्या दिवशी मी सहा नंबरवर बसले आणि फोरमवर दोन ओळी लिहिल्या. पहिल्यांदाच कोणी सांगत नव्हतं आणि मी टाइप करत होते. मेणबत्ती कोणीच लावली नाही. मग चिमणाबाईचा निरोप आला, फक्त मला. तिने विचारलं होतं, "तुम्हाला हे कोणी सांगितलं? तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

तिला नाही असं उत्तर हवं होतं. मलाही तेच हवं होतं. मी लिहिलं, हो. मी स्वतः पाहिलं.